सातातला शेतकरी आणि बारातला शेतकरी

शेत करतो तो शेतकरी, ही व्युत्पत्ती प्राथमिक शाळेतील मुलासही सांगता येईल. परंतु सरकारी कचेरीच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकले की ही व्युत्पत्ती बाहेर चपलांबरोबर ठेवावी लागते. तेथे ज्याचे नाव सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आहे तो शेतकरी; मग त्याने जन्मात नांगराची मूठ धरलेली नसो. ज्याचे नाव तेथे नाही तो शेतकरी नव्हे. मग त्याच्या पायांना दर आषाढात चिखल्या होत असोत. ह्या दोन व्याख्यांतील भेद केवळ कोशकारांच्या वादाचा असता, तर आम्ही त्यासाठी लेखणी उचलली नसती. परंतु शेतकऱ्याच्या नावाने सरकार दरवर्षी जो पैसा वाटते, त्याची दिशा ह्याच भेदाने ठरते. आणि तो पैसा जेथे पोचावा असे आपण सारे समजतो तेथे तो पुष्कळ वेळा पोचत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सातबारा म्हणजे एक कागद नव्हे, दोन आहेत, हे शहरात राहणाऱ्या आमच्या पुष्कळ वाचकांच्या ध्यानी नसेल. गाव नमुना सात हा जमीन कोणाची ते सांगतो. गाव नमुना बारा हा तिच्यात काय पिकले ते सांगतो. सात म्हणजे मालकी, बारा म्हणजे मशागत. जुन्या उताऱ्यात तर बाराच्या भागात जमीन करणाराचे नाव लिहिण्यासही रकाना असे. ज्यांनी हे दोन नमुने एकाखाली एक जोडले, त्यांना निदान एवढे कळत होते की जमिनीचा धनी आणि जमिनीचा कसणारा ह्या दोन व्यक्ती असू शकतात. आजचे सरकार मदत वाटताना सात वाचते आणि बारा दुमडून ठेवते. आमची तक्रार आहे ती हीच.

उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. मुंबई-गोवे महामार्गाने सुकेळी खिंड उतरून कोलाडकडे जाताना रोहे तालुक्यातील खांब हे गाव लागते. जाणाऱ्या-येणाऱ्यास त्याचा नाकाच तेवढा दिसतो; परंतु नाक्याच्या मागे भाताची खाचरे आहेत, खाचरांच्या मागे डोंगर आहेत, आणि डोंगरांच्या पायथ्याशी आदिवासींच्या वाड्या आहेत. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारे पाणी डोलवहालच्या बंधाऱ्यावर अडवून काढलेल्या कालव्यांमुळे ह्या तालुक्याच्या काही भागात उन्हाळी भातही होते. बाकीच्या भागात पावसाळी भात आणि त्यामागून उरल्या ओलीवर वाल, हा क्रम. उत्तरेस पेण तालुक्यात गेले की खाडीकाठचा खारेपाट लागतो. तेथे बांध फुटला की भरतीचे पाणी खाचरात शिरते आणि जमीन पुढे काही वर्षे रुसून बसते. येथील शेती मोठी नाही, सोपीही नाही. पण ती मेलेलीही नाही. ती होते. प्रश्न एवढाच की ती कोण करतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोन पिढ्यांत पार पालटून गेले आहे. धाटावचे रासायनिक कारखाने, नागोठण्याचा पेट्रोरसायनांचा कारखाना, आणि सर्वांच्या वर मुंबई, ह्यांनी येथील कर्ते पुरुष ओढून नेले. उताऱ्यावर पाच भावांची नावे असतात. त्यांतला एखादा गावी, एक कारखान्यात आणि तिघे डोंबिवली-नालासोपाऱ्याकडे. जमीन पडीक टाकवत नाही आणि करवतही नाही. मग ती शेजाऱ्याकडे, गावातल्या एखाद्या भूमिहीनाकडे किंवा वाडीवरच्या कातकऱ्याकडे अर्धेलीने नाहीतर ठरावीक खंडाने जाते. बोली तोंडी, मुदत एका हंगामाची, साक्षीदार कोणी नाही. राब तो भाजतो, लावणी तो करतो, कापणी आणि झोडणी तोच करतो, आणि खळ्यावर धन्याचा वाटा मोजून देतो. त्याचे नाव मात्र सातात नाही. बारातही नाही, कारण तेथे ते लिहू द्यावयाचे नाही हीच त्या तोंडी बोलीची पहिली अट असते.

आता सरकारी मदतीकडे पाहू. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वाटप २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाले. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट बँकेच्या खात्यात. आरंभी दोन हेक्टरांची मर्यादा होती. ती त्याच वर्षी उठविण्यात आली. २०२३ पासून महाराष्ट्र सरकारने नमो शेतकरी महासन्मान निधी काढून त्यात आपले आणखी ६,००० रुपये घातले. म्हणजे पात्र कुटुंबास वर्षाला १२,००० रुपये. पात्रता कोणती? १ फेब्रुवारी २०१९ रोजी कुटुंबाच्या नावावर लागवडीयोग्य जमीन असली पाहिजे. प्राप्तिकर भरणारे, वकील-डॉक्टरांसारखे व्यावसायिक, महिना १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, मंत्री आणि आमदार-खासदार ह्यांना वगळले आहे. हे आम्ही मुद्दाम नमूद करतो, कारण प्रतिपक्षाचे श्रेय लपवून वाद जिंकणे आम्हांस मान्य नाही. ह्या वगळणुकीनंतरही सुमारे ४२ लाख अपात्र लोकांच्या खात्यांत जवळजवळ ३,००० कोटी रुपये गेले, असे २०२१ साली सरकारनेच संसदेत सांगितले, ही गोष्ट वेगळी. आमचा मुद्दा त्याहून मूळचा आहे. अपात्रांची ही यादी कितीही लांबविली, तरी ‘हा माणूस शेती करतो का?’ हा प्रश्न तीत कोठेच नाही.

वर सांगितलेले पाच भाऊ वेगवेगळी कुटुंबे करून राहतात आणि त्यांतला कोणीही प्राप्तिकर भरत नाही असे धरा. त्या एका उताऱ्यावर वर्षाला ६०,००० रुपये येतील. तीच जमीन त्या पाचांसाठी जो कसतो, त्याच्या खात्यात एक रुपया येणार नाही. ह्यात कोणी लबाडी केली आहे काय? मुळीच नाही. सर्व काही नियमाप्रमाणे झाले आहे. आणि म्हणूनच ते अधिक चिंताजनक आहे. लबाडी पकडता येते. नियमच जेव्हा आंधळा असतो, तेव्हा पकडावयाचे कोणास?

भाताच्या बोनसाची कथा ह्याहून बोधप्रद आहे. पूर्वी महाराष्ट्रात आधारभूत किमतीवर जादा रक्कम देत ती क्विंटलमागे. २०२०–२१ च्या हंगामात ती ७०० रुपये होती. त्यात खोट शिरली. व्यापारी दुसऱ्यांचे सातबारे गोळा करून आपले धान सरकारी केंद्रावर घालतात, अशा तक्रारी विदर्भातील धानाच्या जिल्ह्यांतून वारंवार आल्या. मग २०२२–२३ पासून मदत हेक्टरी केली गेली: आधी १५,००० रुपये, पुढच्या हंगामात २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. व्यापाऱ्याची वाट बंद करण्याचा हेतू चांगलाच होता. पण परिणाम काय झाला? क्विंटल मोजताना निदान कोणीतरी धान पिकविलेले असावे लागे. हेक्टर मोजताना तो क्षेत्राचा धनी असला म्हणजे पुरे. रोगावर औषध दिले ते असे की रोग गेला आणि रोगीही विस्मरणात गेला.

पीकविमा घ्या. नियमात कुळालाही विमा उतरविता येतो. मात्र भाडेकरार नोंदणीकृत हवा. ज्या मुलखात करार कागदावर उतरवावयाचा नाही हीच मूळ अट, तेथे ही सवलत म्हणजे पांगळ्यास दिलेली शिडी होय. आणि २०२३ साली एक रुपयात विमा सुरू झाला, तेव्हा काही जिल्ह्यांत नसलेल्या शेतांवर आणि सरकारी जमिनींवरही विमे उतरविल्याचे उघडकीस आले. शेवटी २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंद करावी लागली. ज्याच्यापाशी कागद आहे पण शेत नाही, त्यास विमा मिळाला. ज्याच्यापाशी शेत आहे पण कागद नाही, त्यास मिळाला नाही. आपत्तीच्या मदतीची गत हीच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ह्याच रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वादळ काही सातबारा पाहून झाडे पाडीत नाही. पण भरपाई उताऱ्यावरील नावालाच मिळते. खारेपाटात बांध फुटून रोपे कुजतात ती कसणाऱ्याची. नुकसान मात्र लिहिले जाते धन्याचे. खतावरील अनुदान तेवढे अपवाद आहे. थळच्या कारखान्यातून निघालेली युरियाची गोणी जो विकत घेईल त्यास ती स्वस्त मिळते, कारण तेथे मदत मालासंगे जाते, मालकीसंगे नाही. जे एका गोणीच्या बाबतीत साधते, ते इतरत्र का साधू नये?

हे असे का झाले, ह्याचे मूळ इतिहासात आहे. इंग्रजी अमदानीतही सरकार शेतकऱ्यास तगाई देई. १८८३ आणि १८८४ चे कायदे त्यासाठीच होते. पण कर्ज म्हटले की तारण आले, आणि तारण म्हटले की जमिनीचा धनी आला. कोकणात तर सरकार आणि कुळ ह्यांच्यामध्ये खोत बसलेला. ह्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, अलिबागेजवळील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला आणि सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कायद्याने कुळास कायद्यात स्थान मिळाले. १९४८ चा कुळकायदा आला, १९४९ साली खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ह्या मातीने उपाशी राहून कमावली आहे.

पण त्या विजयाच्या पोटी एक भय जन्मास आले. बारात दुसऱ्याचे नाव लागले की जमीन जाते, हा धडा जमीनमालकांनी पक्का गिरविला. आणि १९५७ नंतर जी कुळे मालक झाली त्यांच्या मुलानातवंडांनीही तो तितकाच पक्का गिरविला. आज खारेपाटात आणि कुंडलिकेच्या खोऱ्यात जी जमीन तोंडी बोलीने दिली जाते, तिच्यापैकी पुष्कळ जमिनीचे धनी हे जुन्या खोतांचे वंशज नाहीत. ते जुन्या कुळांचेच वंशज आहेत. ज्यांच्या आज्यांनी खळ्यावर अर्धा वाटा देताना मुकाट्याने ओठ चावले, त्यांचे नातू आज तोच अर्धा वाटा घेतात, आणि वर सरकारी सन्मानाचे १२,००० रुपयेही घेतात. ह्यात आम्ही व्यक्तींस दोष देत नाही. परंतु कायद्याने एकदा कसणारास मालक केले आणि तेथेच हात झाडले, त्यानंतर जो नवा कसणारा आला त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, हे सांगणे आम्हांस भाग आहे.

ह्या नव्या कसणाऱ्यांत सर्वांत खालचा कातकरी. जंगले राखीव झाली आणि काताचा धंदा गेला, तेव्हापासून तो भूमिहीन. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरी काढावी, आणि दिवाळीनंतर बायकामुलांसह कोळशाच्या किंवा विटांच्या भट्टीवर जावे, हा त्याचा जन्मक्रम. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणात आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या, ही गोष्ट अभिमानाचीच आहे. पण ज्या वरकसावर कलमे लागली, तेथे आधी नाचणी कोण काढीत होता? त्यास विचारून कलमे लावली गेली काय? आजच्या भाऊसाहेब फुंडकर योजनेत तर कोकणासाठी दहा हेक्टरांपर्यंत अनुदानाची सोय आहे. दहा हेक्टर वरकस कोणाचा असतो हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींच्या काही कसणुकी मान्य केल्या, आणि त्यासाठी ग्रामसभेची साक्ष ग्राह्य मानली. ही एक उजेडाची फट आहे, तिच्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

दुसरी विसरलेली कसणारी म्हणजे घरची बाई. नवरा मुंबईस, लावणी, बेणणी, गुरे, खळे सारे तिच्या अंगावर. उतारा नवऱ्याच्या नावाचा आणि खातेही त्याचेच. शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ करून बायकोचे नाव उताऱ्यावर लावण्याचा आग्रह धरला होता. तो आग्रह आता सभेतल्या आठवणींपुरता उरला आहे.

आमच्या ह्या विवेचनावर आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा: जमीन ज्याची, मदत त्याची, ह्यात अन्याय तो कोणता? आमचे उत्तर असे की जमिनीचा मोबदला मालकास खंडाच्या रूपाने मिळतोच. सरकार त्यावर देते तो ‘किसानाचा सन्मान’. सन्मान जर मालकीचाच करावयाचा असेल, तर योजनेस ‘जमीनमालक सन्मान निधी’ असे नाव द्यावे. निदान मराठी आणि हिंदी ह्या दोन्ही भाषांची तरी विटंबना टळेल.

दुसरा आक्षेप: मालकास मदत मिळाली की तो खंड कमी करतो, म्हणजे लाभ शेवटी कसणारासच होतो. असा उदार मालक असल्यास आम्ही त्यास वंदन करू. परंतु जमिनीस चिकटविलेली मदत जमिनीची किंमत आणि खंड चढविते, उतरवीत नाही, हा अर्थशास्त्राचा जुना सिद्धांत आहे. युरोपातही क्षेत्रावर मोजलेल्या अनुदानांपैकी सुमारे ८० टक्के रक्कम २० टक्के लाभार्थींच्या पदरी पडते, ही तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. जेथे हेक्टर मोजतात तेथे हेक्टरवालाच जिंकतो, मग ते फ्रान्स असो वा रोहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: कसणाऱ्याचे नाव कागदावर येऊ दिले तर तो उद्या मालकी सांगेल. हे भय खोटे नाही. कुळकायद्यात कृषकदिनानंतरच्या कुळासही खरेदीचा हक्क सांगण्याची वाट आहे. म्हणून आम्ही केवळ मालकांस उपदेश करून थांबत नाही. उपाय कायद्यातच करावा लागेल. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०१६ साली नमुना कायदा मांडला, त्यात मालकी सुरक्षित राखून कसणारास कर्ज, विमा आणि मदत मिळावी अशी सोय सुचविली होती. आंध्र प्रदेशाने २०१९ साली पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा करून नेमके हेच केले. ओडिशाच्या ‘कालिया’ योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबे घेतली गेली. बंगालमध्ये १९७८ पासून वाटेकऱ्यांची नोंद झाली, ती पुढच्या मदतीस उपयोगी पडली. म्हणजे हे अशक्य आहे असे म्हणावयास जागा नाही. ज्या महाराष्ट्राने चरीचा संप पाहिला, त्याने ह्या बाबतीत आंध्र-ओडिशाच्या मागे राहावे, ही लाजेची गोष्ट होय.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: कसणारा कोण हे ओळखावे कसे? अहो, गावात ते कोणास ठाऊक नसते? कोणाच्या खाचरात कोणाचे औत फिरले हे खांबच्या नाक्यावर चहा पिणारास विचारले तरी कळेल. वनहक्कांच्या बाबतीत ग्रामसभेची साक्ष कायद्याने मानली, तर भाताच्या खाचराच्या बाबतीत ती का मानू नये? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. मोबाइलच्या साहाय्याने शेतात उभे राहून पिकाची नोंद करता येते. त्या नोंदीत कसणाऱ्याच्या नावाची एक जागा मोकळी करण्यास कोणते मोठे यंत्र हवे? उलट झाले ते असे की एप्रिल २०२५ पासून राज्यात योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा केला गेला, आणि तो क्रमांक पुन्हा जमिनीच्या नोंदीशीच बांधला गेला. जुन्या चुकीस नवे कुलूप लागले.

पाचवा आक्षेप, तो बहुधा आमच्यासारख्या पांढरपेशांच्या दिवाणखान्यातून येईल: वर्षाला १२,००० रुपये ते काय, त्यासाठी एवढा गहजब कशाला? ज्याच्या घरी महिना हजार रुपये ही सिनेमा आणि फराळाची रक्कम आहे, त्यास हे म्हणणे शोभते. ज्याला बियाणे, खत आणि नांगरणीच्या यंत्राचे भाडे ह्यांसाठी मृगाच्या तोंडावर सावकाराकडे जावे लागते, त्याच्यासाठी ह्याच रकमेत एक हंगाम निभावतो.

आणि येथे आम्हांस आमच्या वाचकांशीच दोन शब्द बोलावयाचे आहेत. हे मासिक ज्या घरांत वाचले जाते, त्यांतील पुष्कळ घरांचे एखादे नाव कोकणातल्या कोणत्यातरी उताऱ्यावर असेल. महाराष्ट्रात शेतकऱ्यावाचून इतरांस शेतजमीन सहजी विकत घेता येत नाही. म्हणून ते नाव आपण दागिन्यासारखे जपतो. त्याच नावामुळे बागबंगल्यासाठी पेण-रोह्याकडे जमिनीचा तुकडा घेता येतो. जपावे; त्यास आमची हरकत नाही. परंतु त्या नावापोटी हप्ता येत असेल, तर तो आपल्या शेतात राबणाऱ्याच्या हाती द्यावा किंवा खंडातून वळता करावा. सामाईक उताऱ्यावर गावी राहणाऱ्या भावास फळबागेसाठी वा विहिरीसाठी संमतिपत्र हवे असेल, तर जुना मानापमान उकरीत न बसता सही करून द्यावी. बहिणीचे आणि पत्नीचे नाव उताऱ्यास लावण्यास आडकाठी करू नये. ह्या तीन गोष्टींस कोणताही नवा कायदा लागत नाही. कायद्यासाठी जे मागावयाचे ते सर्वांनी मिळून मागावे: मालकी मालकाची राहो, पण शेतीची मदत शेती करणारास मिळो, कसणाऱ्याची नोंद ग्रामसभेच्या साक्षीने दर हंगामास होवो, आणि त्या नोंदीवरून मालकीचा दावा सांगता येणार नाही असे कायद्यात स्पष्ट लिहिले जावो.

ह्या मागणीत क्रांती नाही, कोणाची जमीन काढून घेणे नाही, तिजोरीवर फारसा नवा भारही नाही. दुमडून ठेवलेला नमुना बारा उलगडून नमुना सातशेजारी ठेवावा, आणि पैसे देण्याआधी दोन्ही वाचावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे. शेतकऱ्याचा सन्मान करावयास निघालेल्या सरकारने आधी शेतकरी कोण ते तरी पाहावे.